हे लंडनहून आले तेव्हा

(यंदाच्या गणेशोत्सवात आपल्या सोसायटीत 'आठवणींची संध्याकाळ' हा कार्यक्रम झाला. त्यात 403 मधील सभासद भगिनींनी केलेले हे भाषण. स्मरणिकेसाठी त्यांनी स्वतःच ते लिहून दिले आहे. बोलण्याची भाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे.)



मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं आहे. पाच मिनिटांत मी अजून साधी भाजीसुद्धा निवडलेली नाही, तेव्हा सांभाळून घ्या. इथे आधी बोललेल्यांनी छान छान आठवणी सांगितल्या. पहिला गणपती, पाण्याची टाकी, लिफ्टचा वाढदिवस. माझी आठवण तितकी गोड नाही. ती 2020 सालची आहे आणि त्यात आपण सगळेच आहोत. 302 चे काका दुसऱ्या रांगेत बसलेत. त्यांची परवानगी काल संध्याकाळी जिन्यात घेतली आहे. 'सांगा, पण माझं म्हणणं काय होतं तेही पूर्ण सांगा,' असं ते म्हणाले. सांगते.

आमची मुलगी लंडनजवळ स्लाउला असते. फेब्रुवारीत तिचं बाळंतपण होतं. खरं तर जायला मी हवी. पण घरात सासूबाई, वय वर्षं 88. त्यांचं खाणंपिणं, आंघोळ, रात्रीचं उठणं सगळं माझ्या हातचं. तेव्हा असं ठरलं की हेच जातील. आजी घरी आणि आजोबा बाळंतपणाला! तुम्ही सगळे हसला होतात, आठवतं का? डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशोपा आणि स्वतःच्या मधुमेहाच्या दोन महिन्यांच्या गोळ्या घेऊन हे गेले. परतीचं तिकीट 26 मार्चचं होतं.

सोमवार, 16 मार्चला रात्री मुलीचा फोन आला. सरकारने जाहीर केलं होतं की 18 मार्चला, आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेपाचनंतर, ब्रिटन, युरोप आणि तुर्कस्तानातून कुणालाही भारतात येणाऱ्या विमानात बसू देणार नाहीत. आपल्या माणसांनासुद्धा नाही. म्हणजे हातात दीड-पावणेदोन दिवस. जावई म्हणाले, वाटेल ते भाडं देऊन उद्याचं तिकीट काढतो. ह्यांनी मला विचारलं, 'काय करू?' आणि मी म्हटलं, 'थांबा. 31 मार्चपर्यंतच आहे म्हणतात. लेक अजून धड उभी राहत नाही, पंधरा दिवसांनी काय बिघडतंय?'

हे वाक्य माझं. नंतरचे अडीच महिने ते मला रोज रात्री आठवायचं. ह्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, भांडून तरी मोकळी झाले असते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. रविवारी 22 तारखेला जनता कर्फ्यू झाला, आपण सगळ्यांनी गॅलरीत थाळ्या वाजवल्या, त्याच दिवसापासून बाहेरून येणारी प्रवासी विमानं पूर्ण बंद झाली. मंगळवारी रात्री 8 वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि 21 दिवसांचा लॉकडाऊन लागला. शीव स्टेशनवरून येणारा गाडीचा आवाज थांबला. मी 1998 पासून या घरात राहते, पहाटे पहिली लोकल गेली की मला जाग येते. तो आवाज बंद झाल्यावर मला झोपच लागेना. ऐकू यायच्या त्या फक्त ॲम्ब्युलन्स, सायन हॉस्पिटलकडे जाणाऱ्या. सासूबाई म्हणायच्या, 'गाड्या बंद आहेत म्हणजे संप असणार.' त्यांचं अर्धं आयुष्य लालबागच्या चाळीत गेलं, सासरे गिरणीत होते. आठवणीचे कप्पे सरकलेले. 1982 चा संप त्यांच्या डोक्यात चालू झाला तो मिटेचना. मुलगा संपात अडकलाय, एवढंच त्यांनी धरून ठेवलं. रोज संध्याकाळी विचारायच्या, 'आला का गं?' आणि मी रोज सांगायचे, 'येतील, बोलणी चालू आहेत.' ते खोटंही नव्हतं.

पहिली काळजी गोळ्यांची. एप्रिलच्या सुरुवातीला गोळ्या संपत आल्या. तिथे चिठ्ठीशिवाय दुकानदार गोळी देत नाही. मुलीने तिथल्या डॉक्टरकडे, त्याला जीपी म्हणतात, वडिलांची तात्पुरती नोंदणी केली आणि चिठ्ठी मिळवली. पण नाव वेगळं, रंग वेगळा, मिलिग्रॅम वेगळे. ती पाकिटांचे फोटो मला पाठवायची, मी ते आपल्या नाक्यावरच्या डॉक्टरांना पाठवायचे, ते पीपीई किटमधून वेळ मिळेल तेव्हा 'ओके' लिहायचे. मेडिकल इन्शुरन्स 60 दिवसांचा होता, तो वाढवून घेतला. व्हिसा 6 महिन्यांचा होता म्हणून ती एक भानगड नव्हती. परतीच्या तिकिटाच्या पैशांचं काय झालं ते विचारू नका, ते वेगळं भाषण होईल.

आता एप्रिलमधली आपली गोष्ट. 1 एप्रिलला धारावीत पहिला पेशंट सापडला. धारावी म्हणजे आपल्या गच्चीवरून दिसणारी. आपण घाबरलो. घाबरायलाच हवं होतं, कुणाला काहीच माहीत नव्हतं. भाजी सोड्याच्या पाण्यात, दुधाची पिशवी साबणाने, आणि एक ताई तर नोटा इस्त्री करत होत्या, नाव सांगत नाही. त्या आठवड्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर ठराव आला. कामवाल्या, पेपर, कुरिअर बंद. आणि शेवटचं कलम: 'बाहेरगावाहून येणाऱ्या कोणाही व्यक्तीस, सभासद असो वा पाहुणा, पुढील आदेशापर्यंत सोसायटीत प्रवेश नाही.' मंजूर असल्यास अंगठा दाखवा.

28 बिऱ्हाडांत 25 अंगठे आले. पहिल्या पाचांत माझा होता.

मला कुणी विचारलं नाही, 'अहो, तुमचे मिस्टर बाहेर आहेत ना?' आणि माझ्याही मनात ते आलं नाही. शपथेवर सांगते, नाही आलं. बाहेरचा म्हणजे कुणीतरी दुसरा, असंच डोळ्यांपुढे होतं.

मेच्या सुरुवातीला बातमी आली की अडकलेल्यांना आणायचं ठरलं. 'वंदे भारत' मोहीम. पहिल्या आठवड्यात 12 देश, 64 विमानं, साधारण 14,800 माणसं. 7 मेच्या रात्री आखाती देशांतून केरळात पहिली विमानं उतरली. मालदीवला नौदलाने जहाज पाठवलं, 'जलाश्व', ते 698 जणांना घेऊन 10 मेला कोचीला लागलं. लंडन ते मुंबई भाडं 50,000 रुपये, ज्याचं त्याने भरायचं. उतरल्यावर 14 दिवस विलगीकरण, तेही ज्याच्या त्याच्या खर्चाने.

पण पैसे असले म्हणून सीट मिळत नव्हती. आधी लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयाकडे फॉर्म भरायचा. पासपोर्ट नंबर, व्हिसा, भारतात कुठे जायचं आणि परतण्याचं कारण. त्या कारणावर यादी लागायची. गरोदर बायका, आजारी माणसं, म्हातारी माणसं, व्हिसा संपलेले, होस्टेल बंद झालेले विद्यार्थी आधी. आमच्या घरात या एका रकान्यावरून रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ कॉल चालला होता. मुलगी म्हणत होती, 'बाबा, छातीत दुखतं असं लिहू या. ईसीजीत थोडं काहीतरी येतंच या वयात.' हे म्हणाले, 'नको. मला मुलीच्या घरात गरम जेवण मिळतंय. ज्या पोराला होस्टेलातून बाहेर काढलंय त्याच्यापुढे मी कसा उभा राहू?' मी चिडले. म्हटलं, 'इथे तुमच्या आईची शुद्ध चाललीय आणि तुम्हाला त्या पोराची पडलीय!' शेवटी जे खरं होतं तेच लिहिलं: वय 66, मधुमेह, घरी 88 वर्षांची आई आणि तिला सांभाळणारी एकटी पत्नी. इथल्या डॉक्टरांकडून सासूबाईंचं सर्टिफिकेट घेऊन मी त्याचा फोटो पाठवला, आधार कार्डही पाठवलं. फॉर्म गेला.

इथे मला 401 च्या आजोबांची आठवण काढायलाच हवी. आज ते आपल्यात नाहीत. 1990 साली इराकने कुवेत घेतलं तेव्हा ते तिथे नोकरीला होते. वाळवंटातून बसने अम्मानपर्यंत आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला, असे ते आले होते. तेव्हा दोन-अडीच महिन्यांत 1 लाख 70 हजारांच्या वर माणसं आणली होती. आजोबा पॅसेजच्या त्या टोकाला खुर्ची टाकून बसायचे, मी या टोकाला. ते म्हणाले, 'फॉर्म भरून घरी बसू नका. आम्ही अम्मानला रोज सकाळी जाऊन रांगेत उभे राहायचो. नाव यादीत असो वा नसो. तोंड ओळखीचं झालं पाहिजे.' आता ईमेलला तोंड कुठलं! पण मुलीने त्यांचं ऐकलं. रोज सकाळी एक ईमेल, नम्र भाषेत, तोच नंबर टाकून.

लंडनचं पहिलं विमान रविवारी 10 मेला पहाटे मुंबईत उतरलं, 326 प्रवासी. ह्यांचं नाव त्यात नव्हतं. ते स्लाउला झोपलेले होते, मी स्वतः रात्री त्यांच्याशी बोलले होते. तरी सकाळी टीव्हीवर मास्क लावलेली माणसं ट्रॉली ढकलत बाहेर येताना दाखवत होते, तर मी प्रत्येकाची चाल बघत होते. चालीवरून माणूस कळतो.

दुसरा टप्पा 16 मेला सुरू झाला. त्यातही पहिले दहा दिवस काही नाही. मग एका रात्री सीट मिळाल्याचं कळलं, 29 तारखेला निघायचं. मुलीने भाडं भरलं. हमीपत्र आलं: प्रवास स्वतःच्या जबाबदारीवर, विलगीकरण स्वतःच्या खर्चाने, मोबाइलमध्ये 'आरोग्य सेतू' ॲप. त्यातच मधल्या सीटचं प्रकरण कोर्टात गेलेलं. मधली सीट मोकळी ठेवा म्हणून मुंबई हायकोर्टात अर्ज होता. 25 मेला, ईदची सुट्टी असूनही सुप्रीम कोर्ट बसलं आणि 6 जूनपर्यंत मधल्या सीट भरायला परवानगी दिली, कारण त्या मोकळ्या ठेवल्या तर तिकीट काढलेली माणसं मागे राहिली असती. मी आयुष्यात कोर्टाची बातमी इतकी लक्ष देऊन वाचली नव्हती. एका बाजूने वाटायचं, ह्यांच्या शेजारी कुणी नको. दुसऱ्या बाजूने वाटायचं, सीट रिकाम्या ठेवल्या आणि ज्यांना मागे ठेवायचं त्यांत ह्यांचंच नाव निघालं तर? ह्यांच्या शेजारी मधल्या सीटवर शेवटी नागपूरची एक विद्यार्थिनी आली. प्लॅस्टिकचं शील्ड लावून पूर्ण प्रवास तिने पाणीसुद्धा प्यायलं नाही म्हणे. ह्यांनी तिला डिंकाचा उरलेला लाडू देऊ केला, तो तिने हात न लावता नमस्कार करून परत केला.

शनिवारी 30 मेला पहाटे हे मुंबईत उतरले. टेम्परेचर, फॉर्म, आणखी फॉर्म. कुठल्या हॉटेलात राहायचं त्याची यादी, दरासकट. मग बसने अंधेरीला. तोपर्यंत नियम थोडे सैल झाले होते. 24 मेच्या नव्या सूचनांनुसार 7 दिवस हॉटेलात आणि पुढचे 7 दिवस घरी, वेगळ्या खोलीत. मला फोन आला, 'उतरलो गं.' मी सासूबाईंना सांगितलं, 'मुंबईत आले.' त्या म्हणाल्या, 'मग जेवायला का नाही आला?'

लंडन ते मुंबई साधारण 7,200 किलोमीटर. अंधेरी ते आपलं गेट फार तर 12. मला वाटलं, झालं आता.

मी सेक्रेटरीसाहेबांना फोन केला की 6 तारखेला हे घरी येतील. ते जरा थांबले. मग अगदी सौम्यपणे म्हणाले, 'ताई, ठराव आहे ना आपला.' मी म्हटलं, 'कुठला ठराव?' त्यांनी मलाच माझा अंगठा परत पाठवला.

ग्रुपवर टाकलं तर दोन तास कुणी काही लिहिलं नाही. निळ्या खुणा दिसत होत्या. मग 302 च्या काकांचा मेसेज आला: 'वहिनींबद्दल पूर्ण आदर आहे. माझा विरोध आहे.' खाली पुन्हा कुणी काही लिहिलं नाही. मला त्या दिवशी काकांपेक्षा बाकीच्यांचा राग आला होता, तो आज सांगून टाकते. काकांनी नाव घालून लिहिलं होतं. बाकीचे वाचून गप्प होते.

वॉर्ड ऑफिसला फोन केला. तिथल्या मॅडम दमलेल्या होत्या. म्हणाल्या, 'त्यांचं स्वतःचं घर आहे, सोसायटी अडवू शकत नाही. अडवलं तर आम्हाला कळवा, पोलिसांना सांगू.' म्हणजे कायदा माझ्या बाजूने होता. पण पोलीस घेऊन नवऱ्याला घरी आणायचं आणि पुढची वीस वर्षं त्याच लिफ्टमधून खालीवर करायचं? मी तो निरोप कुणालाच सांगितला नाही. सेक्रेटरीसाहेब, तुम्हालाही आज पहिल्यांदाच कळतंय.

बुधवारी 3 जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ आलं. ते अलिबागच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, आपल्याकडे वारा आणि पाऊस. हे हॉटेलच्या खिडकीतून झाडं वाकताना बघत होते आणि मी इथे सासूबाईंच्या पलंगाला खुर्ची लावून बसले होते. दोघंही फोनवर, काही न बोलता. गुरुवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग झाली, खुर्च्यांमध्ये सहा-सहा फूट, सगळे मास्कमध्ये. वादळात पडलेली फांदी अजून गेटजवळ तशीच होती.

मी ठराव वाचून दाखवला. म्हटलं, 'याला माझी मंजुरी आहे. मी नाकारत नाही.' पुढचं काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ते सगळं विसरले.

मग काका उठले. आता काकांचं म्हणणं, शब्द कमी न करता. त्यांच्या पत्नीची तेव्हा केमोथेरपी चालू होती. दर तीन आठवड्यांनी परळला जाणं, भर लॉकडाऊनमध्ये, पास काढून. रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली आलेल्या की डॉक्टरांनी सांगितलं होतं, साधी सर्दीसुद्धा यांना परवडणार नाही. काका म्हणाले, 'लिफ्ट एकच आहे. तुमचे मिस्टर चांगले आहेत, माझे मित्र आहेत. पण ते विमानातून आलेत. आज तुमच्यासाठी नियम बदलला, तर माझ्या बायकोसाठी कुठला नियम राहिला?' आणि ते खाली बसले.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

दुसरीही एक अडचण होती, ती मलाच मान्य करावी लागली. आमच्या घरात संडास-बाथरूम एकच. वेगळी खोली दाखवता आली असती, पण सासूबाईंना 88 व्या वर्षी त्याच बाथरूममध्ये कसं न्यायचं? म्हणजे गेट उघडलं असतं तरी वरचं दार उघडताना माझाच हात थांबला असता.

तेव्हा कुणीतरी म्हणालं, बहुतेक 204 च्या ताई, '101 बंद आहे ना?' 101 चं कुटुंब मार्चमध्ये शिमग्याला संगमेश्वरला गेलं होतं. पालखी नाचवून चार दिवसांत परत येणार होते, ते तिकडेच अडकले. ई-पासचा अर्ज दोनदा नामंजूर झालेला. तिथल्या तिथे स्पीकरवर फोन लावला. 101 ची सूनबाई फोनवर आली. वादळाने त्यांच्याकडची वीज गेलेली, मोबाइल कुणाच्या तरी गाडीत चार्ज करून आणला होता. मी कसंबसं सांगितलं. ती लगेच म्हणाली, 'काकू, किल्ली वॉचमनकाकांकडेच आहे. गॅसचा सिलिंडर भरलेला आहे, पलंगावरची चादर तेवढी बदला.' मग जरा थांबून म्हणाली, 'आणि काकू, आम्हाला पास मिळाला की आम्हालाही आत घ्याल ना? की आम्हीसुद्धा बाहेरगावचेच?'

पार्किंगमध्ये कुणीच काही बोललं नाही. ते बिऱ्हाडही ठरावात बसत होतं हे कुणाच्या लक्षातच आलेलं नव्हतं. पंचवीस अंगठ्यांत एक त्यांचा होता.

आपल्या भागाचं नाव शीव. इंग्रजीत सायन झालं, पण मूळ शब्द शीव, म्हणजे गावाची हद्द. मुंबई बेट इथे संपायचं आणि पलीकडे साष्टी. त्या हद्दीवर लक्ष ठेवायला इंग्रजांनी टेकडीवर किल्ला बांधला, आपण पोरांना घेऊन फिरायला जातो तोच. हे मी शाळेत चौथीच्या मुलांना 20 वर्षं शिकवलं. त्या दिवशी पार्किंगमध्ये बसून मनात आलं की हद्द किती सरकत आली. आधी देशाची, मग शहराची, मग गेटची, मग जिन्याची.

काका म्हणाले, '101 ला माझी हरकत नाही. लिफ्ट वापरायची नाही. पहिल्या मजल्यापर्यंत चालत. बॅग तीन दिवस खाली. आणि ताप रोज मला कळवायचा.' बस. मिठी नाही, अश्रू नाहीत. सिनेमात असतं तसं काही झालं नाही. सेक्रेटरीसाहेबांनी लिहून घेतलं, 'अपवाद म्हणून मान्य.'

शनिवारी 6 जूनला दुपारी टॅक्सी गेटपाशी आली. मी गॅलरीत, सासूबाईंना खुर्चीत बसवून. हे उतरले. डाव्या हातावर विलगीकरणाचा निळा शिक्का. चार महिन्यांत केस मानेवर आले होते, ते मुलीने स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापले होते, एक बाजू वर एक खाली. वॉचमनकाकांनी पाठीवरच्या पंपाने आधी बॅगेवर फवारा मारला, मग जरा बिचकत ह्यांच्यावर. ह्यांनी हात वर करून गोल फिरून दिलं, पोलिसांनी झडती घ्यावी तसं. प्रत्येक गॅलरीत माणसं उभी होती. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. 204 च्या ताईंनी हात हलवला, मग हळूहळू सगळ्यांनीच हलवला. हे वर बघत होते, पण चष्म्यावर वाफ आलेली, त्यांना काही दिसत नव्हतं.

सासूबाईंनी बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, 'संप मिटला वाटतं.'

बॅग तीन दिवस जिन्याखाली ताडपत्रीत राहिली. दुसऱ्या रात्री पाऊस आला, ताडपत्रीखाली पाणी शिरलं आणि मुलीने सोसायटीतल्या पोरांसाठी पाठवलेली सगळी चॉकलेटं आणि बिस्किटं लगदा झाली. नातीच्या तळपायाचे ठसे उमटवलेला कागद मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, तो वाचला.

सात दिवस मी डबा 101 च्या दाराशी ठेवायचे, बेल वाजवून चार पायऱ्या वर जायचे. दार उघडायचं. ते दारात, मी पायरीवर. एवढंच भेटणं. रोज संध्याकाळी बरोबर 7 वाजता 302 मधून काकांचा फोन जायचा, 'किती?' हे आकडा सांगायचे. पहिल्या दिवशी हे वैतागले, 'मी काय कैदी आहे?' तिसऱ्या दिवशी काकांनी आकडा घेतल्यावर विचारलं, 'तिकडे पाऊस कसा असतो हो?' मग फोन लांबत गेला. शेवटी शेवटी पावणेसातला हे थर्मामीटर काखेत धरून फोनपाशी बसलेले असायचे. काकांकडे ती वही अजून आहे. सात आकडे, सही आणि तारीख. काकी बऱ्या झाल्या, आज आरतीला त्यांचाच आवाज सगळ्यांत वर होता.

शनिवारी 13 जूनला हे चार जिने चढून घरी आले. लिफ्ट वापरायला आता हरकत नव्हती, तरी चढून आले. सासूबाईंनी त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, 'दुसरी पाळी होती का रे?' त्यानंतर सासूबाई आणखी दीड वर्ष होत्या.

101 च्या मंडळींना जुलैत पास मिळाला. ती येण्याच्या आदल्या दिवशी ह्यांनी ते घर पुसून काढलं, नवा सिलिंडर लावला, मिठाचा, साखरेचा, चहाचा डबा भरून ठेवला. आणि गेटवर त्यांना पुन्हा 'अपवाद म्हणून' घेतलं, कारण नियम तोच होता.

आता शेवटचं. आज सकाळी स्मरणिकेसाठी जुने फोटो शोधताना सेक्रेटरीसाहेबांनी मला इतिवृत्ताची वही बघायला दिली. एप्रिल 2020 चा तो ठराव त्यात चिकटवलेला आहे, 25 नावांसकट. जूनचा अपवाद आहे, जुलैचा अपवाद आहे. ठराव रद्द केल्याची नोंद कुठेच नाही. म्हणजे कागदोपत्री आजही बाहेरगावाहून आलेल्या सभासदाला आपल्या सोसायटीत प्रवेश नाही. नोव्हेंबरात आमची मुलगी नातीला घेऊन येते आहे. तेव्हा सेक्रेटरीसाहेब, येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. सूचक म्हणून माझं नाव लिहा. अनुमोदनाचं मी काल संध्याकाळी जिन्यात 302 च्या काकांना विचारून ठेवलं आहे.